ठरल्या वेळेपुरता जन्म

वडूजला मंगळवारी संध्याकाळी वळीव बदाबदा कोसळला, तरी सरकारदरबारी तो बुधवारचा पाऊस असतो. यात कुणाची चूक नाही आणि लबाडीही नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. ज्या तारखेला संपतो, त्या तारखेच्या नावावर पाऊस जमा होतो. तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक ठेवायचा, रोज ठरल्या वेळी त्यातलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा, हा रिवाज इंग्रजी अमदानीपासूनचा. हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली १८७५ साली भारतीय हवामान खातं सुरू झालं आणि अशा सुट्या-सुट्या नोंदींना देशभराची शिस्त लागत गेली.

वडूज ज्यात येतं तो खटाव आणि शेजारचा माण हे सातारा जिल्ह्यातले पर्जन्यछायेतले तालुके. त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडे पाचशेच्या आसपास पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. जिथं पाणी कमी, तिथं मोजमाप जास्त काटेकोर. येरळा नदीला पाणी आलं का, नेरच्या तलावात किती साठलं, या गप्पा वडूजच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या चवीनं चालतात.

पण साडेआठच का? आठ का नाही, नऊ का नाही? याचं उत्तर लंडनजवळच्या ग्रिनिचपाशी आहे. हवा देशांच्या सीमा पाळत नाही, म्हणून जगभरच्या वेधशाळांनी एकाच क्षणी निरीक्षणं घ्यायची असं ठरलं. जागतिक प्रमाणवेळेनं शून्य, तीन, सहा, नऊ असे ते क्षण. त्यातल्या तीनमध्ये आपले साडेपाच तास मिळवा, की साडेआठ होतात. पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुंबईसह जगभरातून हवेत फुगे सोडतात तेही शून्य आणि बारा या क्षणांसाठी. म्हणजे वडूजमधला कुणी कर्मचारी मापाची नळी डोळ्यासमोर धरतो, तेव्हा दूर कुठंतरी समुद्रातल्या जहाजावरचा खलाशीही त्याच क्षणाची नोंद करत असतो. दोघांची ओळख नाही, भाषा वेगळ्या, घड्याळातले आकडे वेगळे. समान आहे ती फक्त एक ओळ: अमुक वाजता अमुक काम कर.

या ओळीकडे जरा रोखून पाहावं. काम करणारा बदलतो, निवृत्त होतो, बदली होऊन पाटणला जातो. ओळ मात्र जागेवर राहते. वेळ आणि काम करणारा या दोन गोष्टी एकमेकांपासून सोडवता येतात, हे त्या वहीला दीडशे वर्षांपूर्वीच उमगलं होतं. संगणकाला ते पुरतं उमगायला २०१४-१५ साल उजाडावं लागलं.

२०१७ पासून राज्याच्या कृषी विभागानं स्कायमेट या कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्प राबवला आणि महसूल मंडळांमध्ये मिळून दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. शेताच्या कडेला कुंपणात एक खांब, वर सौर पाटी, वाऱ्याच्या वाट्या, पावसाचं भांडं. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांचे आकडे हा खांब दर दहा मिनिटांनी देतो. चोवीस तासांत एकशे चव्वेचाळीस वेळा. दोन हजार खांबांचे मिळून दिवसाला जवळपास तीन लाख आकडेसंच होतात.

आता समजा, वडूजमधल्या एखाद्या हौशी तरुणानं ठरवलं की आपल्या तालुक्यातल्या मंडळांचे असे आकडे दर दहा मिनिटांनी गोळा करायचे आणि कुठं अचानक जोराचा पाऊस झाला तर डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना निरोप पाठवायचा. आकडे आणणं, तपासणं आणि गरज पडली तर निरोप धाडणं या कामाला संगणकाला सेकंदभर लागतो. म्हणजे दिवसाला एकशे चव्वेचाळीस सेकंद. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. सहाशे भागांतला एक भाग काम आणि पाचशे नव्याण्णव भाग वाट पाहणं! जुन्या पद्धतीनं या वाट पाहण्यासाठी एक अख्खं यंत्र दिवसरात्र चालू ठेवावं लागे. त्याची वीज, त्याचं भाडं, त्याच्या दुरुस्त्या आणि रात्री दोन वाजता ते बंद पडलं तर उठून धावणारा माणूस, हे सगळं त्या एका सेकंदासाठी.

‘सर्व्हरलेस’ म्हणतात ती कल्पना इथं येते. नाव जरा फसवं आहे. सर्व्हर असतोच, मुंबईत किंवा आणखी कुठं. फक्त तो तुमच्या नावचा नसतो आणि तुमचं काम नसताना तुमच्यासाठी थांबलेलाही नसतो. तुम्ही द्यायचं ते फक्त फंक्शन, म्हणजे कामाचा एक छोटा आटोपशीर मजकूर. तो एका कोठारात नुसता पडून राहतो. हाक आली की कुठल्या तरी मोकळ्या यंत्रावर त्याच्यासाठी एक इवलासा बंदिस्त संगणक उभा केला जातो, मजकूर त्यात भरला जातो, काम होतं, उत्तर बाहेर येतं. पुढची हाक लगेच आली तर तोच संगणक पुन्हा वापरतात. नाही आली तर थोड्या वेळानं तो मोडून टाकतात.

हे उभं करणं किती झटपट होतं, हे ऐकल्यावर मी तरी थबकलो. अ‍ॅमेझॉननं २०१८ मध्ये ‘फायरक्रॅकर’ नावाचं आपलं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात एक स्वतंत्र आभासी संगणक सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागात, सुरू होऊ शकतो आणि त्याच्या व्यवस्थेला स्मृती लागते ती पाच मेगाबाइटच्या आसपास. तुमची भाषा, तुमची साधनं त्यात भरायला आणखी काही वेळ जातो. पहिल्या हाकेला होणाऱ्या या दिरंगाईला धंद्यातले लोक ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात आणि तिच्या नावानं बोटं मोडतात. पावसाच्या निरोपाला अर्धा सेकंद उशीर झाला तर काय बिघडतं? ठरल्या वेळची कामं या तंत्राला इतकी मानवतात ती म्हणूनच.

मौज अशी, की अ‍ॅमेझॉनची ‘लॅम्डा’ ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिला घड्याळच नव्हतं. कुणी फाइल ठेवली, कुठं नवी नोंद झाली, अशा घटनेवर फंक्शन चालायचं. आपल्याआप, निव्वळ वेळ झाली म्हणून चालण्याची सोय आली ऑक्टोबर २०१५ मध्ये. वरवर किरकोळ वाटणारी ही भर मला मूळ कल्पनेहून मोठी वाटते. आधी काहीतरी घडावं लागत होतं. आता नुसता काळ पुढं सरकणं हीच घटना झाली. सूर्य उगवला, इतकंच कारण पुरे.

मग प्रश्न येतो: फंक्शन तर अस्तित्वातच नाही, तर त्याला हाक मारायची वेळ झाली हे कुणाला कळतं? कुणीतरी जागं असलंच पाहिजे.

हा जागल्या जुना आहे. त्याचं नाव क्रॉन. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता आणि त्याची रीत बाळबोध होती. मिनिटभर झोपायचं, उठायचं, कामांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची, या मिनिटाचं काही असेल तर करायचं, पुन्हा झोपायचं. यादी एकच आणि कामं मोजकी असेपर्यंत हे ठीक होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शंभर जण एकाच संगणकावर आपापल्या याद्या ठेवू लागले, तेव्हा दर मिनिटाला सगळ्या याद्या चाळण्यातच यंत्राचा जीव जाऊ लागला. तिथल्या रॉबर्ट ब्राउन या विद्यार्थ्यानं तोडगा काढला तो सुंदर आहे. १९७७ साली फ्रांटा आणि माली या दोघांनी लिहिलेला एक लेख त्याच्या वाचनात आला होता. त्या आधारानं त्यानं सगळी कामं त्यांच्या पुढच्या वेळेनुसार रांगेत लावली. आता जागल्यानं फक्त रांगेतल्या पहिल्या कामाकडं पाहायचं, त्याला किती अवकाश आहे ते काढायचं आणि तितकी झोप घ्यायची. उठल्यावर ते काम करायचं, त्याची पुढची वेळ काढून त्याला रांगेत योग्य जागी पुन्हा उभं करायचं. लाखो कामं असली तरी नजर एकावरच. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यानं लिहिलेला क्रॉन पुढं घरोघरीच्या लिनक्सवर पोचला, आणि वेळ लिहिण्याची जी पद्धत त्यानं रुळवली ती आज क्लाउडवाल्या, म्हणजे आपले संगणक भाड्यानं वापरू देणाऱ्या, कंपन्यांनीही थोड्याफार फरकानं उचलली आहे.

ती पद्धत म्हणजे पाच रकाने. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या रकान्याबद्दल आपला काही आग्रह नाही तिथं ‘*’ ही चांदणी. ‘३० ८ * * *’ म्हणजे रोज साडेआठ. ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. दुपारी चारला तो गोळा करायचा असेल तर ‘० १६ * * २,५’. दर दहा मिनिटांनी हवं तर ‘*/१० * * * *’. इतक्या कमी अक्षरांत वर्षभराचा बंदोबस्त. एखाद्या जुन्या कारकुनानं मान डोलवावी अशी ही काटकसर आहे.

या काटकसरीपोटी काही खड्डेही आले आहेत. दर सात मिनिटांनी काम हवं म्हणून कुणी ‘*/७’ लिहिलं तर काय होतं? शून्य, सात, चौदा करत गाडी छप्पन्नपर्यंत नीट जाते. पुढचं काम त्रेसष्टाव्या मिनिटाला यायला हवं, पण क्रॉनच्या डोळ्यांपुढं फक्त एक तास असतो. तास बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून छप्पन्ननंतर चारच मिनिटांत पुढचं काम होतं. दहा, बारा, पंधरा यांना ही अडचण नाही, कारण साठाला त्यांनी पुरता भाग जातो. बाबिलोनच्या लोकांनी साठ हा आकडा निवडला तो त्याला भरपूर भाजक आहेत म्हणून, असं म्हणतात. त्याची फळं आपण इथं खातो. खरोखर दर सात मिनिटांनीच हवं असेल तर क्लाउडवर वेगळी सोय असते: वेळ न सांगता नुसतं अंतर सांगायचं.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर पारंपरिक क्रॉन त्यातलं कुठलंही एक जुळलं तरी काम करतो. ‘१ तारखेला सोमवार असेल तेव्हा’ असं मनात धरून लिहिलेलं काम दर १ तारखेला होतं आणि दर सोमवारीही होतं. अ‍ॅमेझॉननं यातून पळवाट काढली ती अशी की दोन्ही एकदम भरूच देत नाहीत, एका रकान्यात प्रश्नचिन्ह टाकावं लागतं. वर युनिक्समध्ये रविवार शून्य असतो आणि अ‍ॅमेझॉनकडं रविवार एक. तेव्हा ‘२’ म्हणजे इथं मंगळवार, तिथं सोमवार. शहाण्या माणसानं वाराचं नावच लिहावं.

सगळ्यांत जास्त घोळ मात्र प्रमाणवेळेचा. क्लाउडमधलं घड्याळ, वेगळं सांगितलं नाही तर, जागतिक प्रमाणवेळ पाळतं. वडूजच्या साडेआठला तिथं तीन वाजलेले असतात, म्हणून ओळ होते ‘० ३ * * *’. इथवर ठीक. पण मंगळवारी पहाटे चारचं काम असेल तर? साडेपाच तास मागं गेलं की सोमवारी रात्रीचे साडेदहा होतात. तास बदलून भागत नाही, वारही बदलावा लागतो. हल्ली ‘आशिया/कोलकाता’ अशी प्रमाणवेळ सांगायची सोय बऱ्याच ठिकाणी झाली आहे. ती वापरावी, डोक्याला ताप नको.

आपले हे साडेपाच तास तरी कुठून आले? मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्त धरून १९०६ साली ही वेळ देशभर लागू झाली. मुंबई शहर मात्र आपल्या वेगळ्या ‘बॉम्बे टाइम’ला १९५५ पर्यंत चिकटून होतं. वडूज या रेखावृत्ताच्या आठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं वडूजचा सूर्य वडूजच्या घड्याळाहून साधारण बत्तीस मिनिटं मागं चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर यायचाच असतो.

प्रमाणवेळांचा हा सगळा इतिहास संगणकांना ठाऊक असतो, कारण आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला एक तक्ता जवळपास प्रत्येक यंत्रात असतो. कुठल्या प्रदेशानं कधी घड्याळ पुढं केलं, कधी मागं घेतलं, याच्या ओळीच ओळी. त्यात भारताच्या नावावर एक ओळ आहे: १ सप्टेंबर १९४२ पासून युद्धामुळं घड्याळं तासभर पुढं, ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास. ऑक्टोबर १९४५ पर्यंत ते तसंच होतं. ही तारीख वाचून खटावकडच्या माणसाला दुसरी तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर आठच दिवसांनी, ९ सप्टेंबर १९४२ ला, तिरंगा लावायला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण हुतात्मे झाले. त्या दिवशीचं सरकारी घड्याळ एक तास पुढं होतं. आपल्या खिशातला फोनसुद्धा त्या दिवसाची वेळ काढताना तो एक तास धरून चालतो.

आता आपल्याकडं वर्षभर घड्याळाला कुणी हात लावत नाही. त्याचं महत्त्व न्यू जर्सीत मुलगा असलेल्या आईला विचारावं. तिकडं मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळ हलतं, की इकडची रविवारची फोनची वेळ तासानं सरकते. मार्चमधल्या त्या रात्री तिथं दोननंतर थेट तीन वाजतात, म्हणजे अडीच वाजतच नाहीत. अडीचला ठेवलेल्या कामाचं काय करायचं? आणि नोव्हेंबरात दीड दोनदा वाजतो, मग काम दोनदा करायचं का? तिकडचे अभियंते यावर रात्री जागतात. आपल्याकडं चोवीस तासांचा दिवस चोवीस तासांचाच असतो, ही आपली न दिसणारी श्रीमंती आहे.

वेळ ठरवताना माणसाला गोल आकडे आवडतात. बारा वाजता, सहा वाजता, तासाच्या ठोक्याला. सगळ्यांनाच आवडतात, आणि तिथं दुखणं सुरू होतं. खटाव-माणमधल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. विहिरीवरच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो, वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री उठून रानात जायला नको. पण गेलेली लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. परिणाम: डीपी जळते आणि आठवडाभर कुणालाच पाणी नाही. म्हणून महावितरण ‘ऑटो काढा’ म्हणून कानीकपाळी ओरडत असतं. क्लाउडमध्ये हुबेहूब हेच होतं. ठोक्याला लाखो फंक्शनं एकदम जन्म मागतात, एकाच विदागाराच्या दारावर आदळतात आणि ते कोलमडतं. ठरल्या वेळची कामं फुकट चालवून देणारी ‘गिटहब’सारखी सेवा तर आपल्या माहितीपत्रात स्पष्टच सांगते की तासाच्या सुरुवातीला गर्दी असते, दुसरं मिनिट निवडा.

उपाय दोन्हीकडं सारखाच: थोडं विसकटणं. अ‍ॅमेझॉनच्या वेळापत्रकात ‘या वेळेनंतर पंधरा मिनिटांत केव्हाही’ अशी मुभा देता येते. गूगलनं आपल्या आतल्या क्रॉनमध्ये मिनिटाच्या रकान्यात प्रश्नचिन्हाची सोय केली: कुठलंही मिनिट चालेल, तूच ठरव. मग यंत्र कामाच्या तपशिलावरून एक मिनिट काढतं आणि कामं तासभर पसरतात. वडूजच्या आपल्या तरुणानंही दर दहाव्या मिनिटाच्या ठोक्याऐवजी तिसऱ्या, तेराव्या, तेविसाव्या मिनिटाला आकडे मागावेत. तोवर खांबाचा निरोपही पोचलेला असेल.

जागल्याच मेला तर, हा पुढचा धास्तीचा विषय. एकाच यंत्रावर घड्याळ ठेवलं आणि ते बंद पडलं, तर कामं होत नाहीत आणि कुणाला कळतही नाही. म्हणून मोठ्या व्यवस्थांत एकच जागल्या नसतो, अनेक असतात. गूगलच्या अभियंत्यांनी आपली रचना उघड लिहिली आहे. एक म्होरक्या, बाकीचे त्याच्याकडं लक्ष ठेवून. प्रत्येक काम सुरू करण्याआधी ‘हे सुरू करतोय’ आणि झाल्यावर ‘हे झालं’ अशी नोंद सगळ्यांत एकमतानं करायची. एकमताची ही रीत लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘पॅक्सॉस’ या पद्धतीची. म्होरक्या गेला तर दुसरा ती नोंद पाहून पुढं चालू लागतो.

तरी एक फट उरतेच. ‘सुरू करतोय’ लिहिलं आणि पुढच्या क्षणी म्होरक्या गेला. काम झालं की नाही? नव्या म्होरक्यापुढं दोनच वाटा: पुन्हा करावं तर कदाचित दोनदा होईल, सोडून द्यावं तर कदाचित एकदाही होणार नाही. बुद्धी कितीही पाजळली तरी ही फट सर्वस्वी बुजत नाही. आणि गंमत पाहा, या जागी दोन दिग्गज दोन वाटांनी गेले. गूगलचा क्रॉन म्हणतो, शंका असेल तर सोडा, राहिलेलं काम नंतर भरून काढता येतं. अ‍ॅमेझॉन म्हणतं, निदान एकदा होईल ही हमी, क्वचित दोनदा होईल, ते तुम्ही सांभाळा.

सांभाळायचं कसं? पावसाच्या वहीतच उत्तर आहे. फंक्शननं ‘आजच्या बेरजेत दोन मिलिमीटर मिळव’ असं केलं आणि ते दोनदा चाललं, तर कागदावर चार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच ‘मायणी मंडळ, अमुक तारीख, चार वाजून दहा मिनिटं: दोन मिलिमीटर’ अशी नोंद केली, तर दहादा चाललं तरी त्या चौकटीत दोनच राहतात. पुन्हा पुन्हा केलं तरी निकाल तोच, अशा बेतानं काम लिहायचं. ठरल्या वेळच्या फंक्शनांची निम्मी कला इथं आहे, असं माझं मत. उरलेली निम्मी निरोपात: एका सरीचा एकच निरोप जावा, म्हणून ‘पाठवला’ ही खूणही त्याच चौकटीत ठेवायची.

आणि काम एकदाही झालं नाही तर? इथं खटावच्या माणसाची दुखरी नस लागते. शून्य मिलिमीटर आणि कोरी चौकट या दोन भिन्न गोष्टी आहेत. शून्य म्हणजे पाहिलं, पाऊस नव्हता. कोरी म्हणजे पाहिलंच नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात ठरावीक काळात किती पाऊस पडला, तापमान कुठं गेलं, यावर भरपाई ठरते आणि आकडे हवामान केंद्रांचे लागतात. दहा मिनिटांचे आकडे गोळा करणाऱ्या कुणी आळसापोटी कोऱ्या जागी शून्य भरलं, तर न मोजलेला पाऊस ‘न पडलेला’ होतो. उलट, पावसाचा खंड मोजायचा असेल तेव्हा खऱ्या शून्याला कोरं समजलं तर सोसलेला कोरडा दिवस हिशेबातून गळतो. संगणकाला शून्य आणि रिकामं यांतला फरक कळतो, पण तो जपायला सांगावं लागतं. म्हणून जाणते लोक मुख्य फंक्शनाबरोबर दुसरं एक हजेरी घेणारं ठेवतात. पहिल्यानं दर वेळी काम झाल्यावर एक खूण सोडायची, आणि दुसऱ्यानं तासातासाला पाहायचं: सहा खुणा आहेत का? पाचच असतील तर ओरडायचं. गडबड झाल्यावर ओरडणारी यंत्रं पुष्कळ आहेत. काहीच न झाल्यावर ओरडणारं मुद्दाम बनवावं लागतं.

एवढ्या सगळ्याचा खर्च? अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डात महिन्याला दहा लाख हाका फुकट आहेत, आणि हिशेब २०२० पासून एकेका मिलिसेकंदाचा होतो. दर दहा मिनिटांच्या कामाच्या महिन्याला चार हजार तीनशे वीस हाका होतात. तरुणाच्या खिशाला चाट नाही. गिटहबवर मात्र एक अट आहे: सार्वजनिक प्रकल्पाकडं साठ दिवस कुणी फिरकलं नाही, तर ठरल्या वेळची कामं आपोआप थांबतात. पावसाळा संपल्यावर कोड लिहिणाऱ्यानं पाठ फिरवली, की अवकाळीच्या वेळी घड्याळ झोपलेलं सापडायचं.

या घड्याळाच्या तळाशी काय आहे, तेही पाहून घ्यावं. मनगटावरच्या साध्या घड्याळात क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडला. संगणकातही असाच खडा असतो, पण तो उष्णतेनं बहकतो, दिवसाला सेकंद-अर्धा सेकंद मागंपुढं होतो. म्हणून यंत्रं एकमेकांना वेळ विचारत राहतात. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास बांधलेल्या पद्धतीनं, निरोप जायला-यायला लागलेला वेळ वजा करून. विचारत विचारत साखळी पोचते ती सीझियमच्या अणूपाशी, ज्याच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० स्पंदनांना एक सेकंद म्हणायचं असं जगानं १९६७ मध्ये ठरवलं. डाळिंबाच्या बागेतल्या शेतकऱ्याला आलेला निरोप वेळेवर आला, त्याच्या मुळाशी हा अणू.

आणि तरी, इतक्या काटेकोर यंत्रणेला खटाव-माणमधला एक साधा दिवस लिहिता येत नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते. क्रॉनच्या पाच रकान्यांत ती कुठं लिहाल? कधी ती नोव्हेंबरात येते, कधी डिसेंबरात. तिथी चंद्राची, घड्याळ सूर्याचं, आणि मध्येच अधिक महिना येऊन सगळं तीस दिवसांनी ढकलतो. क्लाउडवाल्यांनी महिन्याचा शेवटचा दिवस, तिसरा शुक्रवार अशा सोयी दिल्या, पण प्रतिपदेचा रकाना कुणी दिलेला नाही. ईदचं तेच, चिनी नववर्षाचं तेच, ईस्टरचंही तेच.

यात्रेच्या आदल्या दिवशी पाण्याच्या टँकरची आठवण करून देणारं फंक्शन कुणाला हवं असेल, तर वाट एकच. त्याला रोज पहाटे उठवायचं. उठल्यावर त्यानं चंद्रसूर्याची स्थिती मांडायची, म्हसवडच्या उद्याच्या सूर्योदयाला कुठली तिथी असेल ते काढायचं, आणि ती मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा नसेल तर काही न करता संपायचं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते नकारच देणार. तो नकार द्यायला त्याला काही मिलिसेकंद लागतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत.